बादलीभर पाणी उचला, मग अंदमानचं तिकीट काढा

प्रति,
नाशिकहून जीटी नावाच्या माशासाठी अंदमानला निघालेल्या गळवाल्या मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

गंगापूर, दारणा, मुकणे इथे कणकेचा गोळा लावून कटल्याची वाट बघणारी माणसं आता थंडी पडली की घोळक्याने अंदमान गाठू लागली आहेत. आनंदच आहे. पण परत आल्यावर चहाच्या टपरीवर जे ऐकू येतं ते ठरलेलं असतं: "लागला होता हो, पण एवढा मोठा होता की तुटला." हे पत्र त्या 'तुटला'बद्दल आहे. नुसत्या आकारामुळे जीटी क्वचितच तुटतो. गाठ सरकलेली असते, दोरी सैल भरलेली असते, नाहीतर ड्रॅग (रीलचा ब्रेक) अंदाजपंचे आवळलेला असतो. या तिन्ही चुका नाशिकमध्ये घरी बसून होतात, समुद्रात त्यांचा निकाल लागतो. तोंडात दोन जाडजूड हूक आणि मागे दीड मीटर लीडर (दोरीपुढचा जाड नायलॉनचा तुकडा) घेऊन मासा प्रवाळात शिरतो आणि तुम्ही बोटीवर दोरीचं टोक बघत बसता. त्याचं पुढे काय होतं ते टपरीवर कोणी सांगत नाही.

आधी माशाबद्दल थोडं. जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हली, शास्त्रीय नाव कॅरँक्स इग्नोबिलिस. तांबडा समुद्र आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट हवाईपर्यंत, उष्ण समुद्रातल्या प्रवाळकड्यांवर तो वावरतो. हवाईत त्याला 'उलुआ' म्हणतात. आपल्याला तो परका वाटतो, पण ताटातला हलवा आणि बाजारातला काटबांगडा ही त्याच्याच कुळातली भावंडं. काटबांगड्याच्या शेपटीकडे हात फिरवला की जी करवतीसारखी खवल्यांची रांग लागते, तीच जीटीलाही असते, फक्त हात फाडण्याइतकी मोठी. हा मासा १७० सेंमी लांब आणि ८० किलोपर्यंत वाढू शकतो. गळावर धरलेल्या जीटीचा जागतिक विक्रम ७२.८ किलोचा, २००६ साली जपानच्या कागोशिमातल्या तोकारा बेटांजवळचा. तुमच्या वाट्याला येणारे बहुधा १० ते ३० किलोंचे असतील, आणि पहिल्या खेपेला तेवढे पुरे झाले.

त्याच पाण्यात त्याचे भाऊबंदही लागतात. अंगावर चमकते निळे ठिपके आणि निळे पर असतील तर तो ब्लूफिन ट्रेव्हली. डोळा मोठा आणि पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर बिगआय. जीटीचं कपाळ उभं, जबडा जड, अंग चंदेरी-करडं, आणि काही नर चक्क काळपट. फोटोखाली नाव लिहिताना एवढं बघितलं तरी पुष्कळ.

या माशाचं वेड का लागतं, ते धरणावर बसून कळणं अवघड आहे. कटला घास चाखतो, फ्लोट दोनदा थरथरतो, मग आपण हिसका देतो. जीटी घास चाखत बसत नाही. तो घात लावून शिकार करतो आणि लहान माशांना वरच्या पाण्याकडे दाबतो, म्हणून पाण्यावर चालणाऱ्या पॉपरवर (पाणी उडवणाऱ्या नकली माशावर) तो डोळ्यांदेखत तुटून पडतो. सेशेल्समधल्या फार्कुहार बेटांजवळ पाण्यावरून नीट उडता न येणारी समुद्रपक्ष्यांची पिल्लं तो झेप घेऊन गिळतो, आणि याचं चित्रीकरणही झालेलं आहे. वायव्य हवाईत तो शार्क आणि सीलच्या मागोमाग फिरतो, त्यांनी उठवलेल्या शिकारीवर डल्ला मारायला. इतका हिशेबी मासा हूक लागताक्षणी एकच काम करतो: जवळच्या खडकाकडे, खाली, सरळ रेषेत धाव. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत त्याला थोपवलं तर मासा तुमचा, नाहीतर खडकाचा. सगळी तयारी त्या दहा-पंधरा सेकंदांसाठीच करायची असते.

तो उभा कुठे राहतो हे समजायला नाशिककरांना वेगळं काही शिकावं लागत नाही. गोदेला पूर आला की आपण सगळे दुतोंड्या मारुतीकडे बघतो, पाणी कुठवर आलं ते मोजायला. पुढच्या वेळी पाण्याची चाल बघा. मूर्तीवर जिथे प्रवाह आदळतो तिथे पाणी फुगतं, दोन्ही कडांनी वेगाने निसटतं, आणि पाठीमागे भोवरा फिरतो. समुद्रात प्रवाळाचा सुटा खडक वर आलेला असतो, त्याच्याभोवतीही हेच घडतं. छोटे मासे प्रवाहामुळे त्या कडांवर गोळा होतात आणि जीटी बहुधा प्रवाह आदळणाऱ्या तोंडाशी किंवा कडेला असतो. म्हणून पॉपर खडकाच्या पलीकडे, वरच्या अंगाला टाकायचा आणि प्रवाहाबरोबर कडेने आणायचा. नवखे लोक मागच्या शांत पाण्यात फेकतात, कारण तिथे फेकणं सोपं असतं.

प्रवाह नसेल तर फेकून फारसा उपयोग नाही. भरती-ओहोटीच्या मधला थांबा म्हणजे जेवणाची वेळ. उधाणात पाणी जोरात धावतं, भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपास, मंद. अगदी अमावास्या-पौर्णिमेला काही खिंडींमध्ये ओढ इतकी असते की बोट जागेवर धरता येत नाही, म्हणून आसपासचे दिवस बरे. एक सावधगिरी: तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की भरतीची वेळ येते, हा हिशेब कोकणचा. तो अंदमानात लावू नका. तिथलं बंदर वेगळं आणि रेखांश वेगळा, घड्याळ मात्र आपलंच. त्या बंदराचं छापील भरती-कोष्टक बघा. घड्याळ एकच असल्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा बराच लवकर उगवतो. 'सकाळी सातला निघू' असं ठरवलंत तर सकाळ संपलेली असेल.

आता सामान. पूर्ण नवा संच, म्हणजे चांगला जपानी रील आणि रॉड, लाखाच्या घरात जातो. पहिल्या खेपेला तो घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बहुतेक बोटवाले रॉड-रील भाड्याने देतात. तो पैसा दोरी, लीडर, हूक, रिंगा आणि हातमोज्यांवर घाला, कारण तुटतं ते इथेच. भाड्याच्या रॉडची प्रत्येक कडी कापसाचा बोळा फिरवून तपासा. कापूस अडकला तर आतल्या रिंगेला चीर आहे आणि ती दोरी सुरीसारखी कापणार. रॉड साडेसात ते सव्वाआठ फुटांचा, पीई ८ च्या (पीई हे विणलेल्या दोरीच्या जाडीचं माप) दोरीला आणि १५०-२०० ग्रॅमच्या पॉपरला झेपेल असा. रील १४००० ते २०००० आकाराचा.

दोरी विणलेली, पीई ८, किमान ३०० मीटर. हा आकडा जाडीचा आहे, ताकदीचा नाही. पीई १ ची जाडी ०.१६५ मिमी धरतात, त्या हिशेबाने पीई ८ साधारण ०.४७ मिमी. ताकद कंपनीगणिक ८० ते १०० पौंड, म्हणजे ३६ ते ४५ किलो. ड्रॅग तिच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त ठेवू नये, म्हणजे बारा किलोंच्या आसपास थांबायचं. ही दोरी ओढीला दणकट, पण घासण्याला कच्ची. प्रवाळाला ताणलेल्या अवस्थेत नुसती टेकली तरी जाते. म्हणून पुढे नायलॉनचा जाड लीडर, १३० ते १७० पौंडांचा.

दोरी भरणं हे दुकानदाराच्या भरवशावर सोडू नका. दुकानात ती हाताने ताणून भरतात, म्हणजे किलोभरसुद्धा ताण नसतो. मग दहा किलोंच्या ओढीखाली वरची दोरी खालच्या थरांत रुतते, आणि पुढच्या फेकीला रुतलेला वेढा अडकून पॉपर गोळीसारखा सुटून जातो. मासा तर दूरच, दोन-अडीच हजारांचा पॉपर पहिल्या तासात गेला. घरी दोघांनी मिळून भरा. एकाने नव्या दोरीचं रीळ काठीत अडकवून धरायचं, हातमोजा घालून ओल्या फडक्यातून दोरी दाबायची आणि तीन-चार किलो ताण कायम ठेवायचा. फडकं ओलं हवंच, कारण ही दोरी साधारण १४५ ते १५० अंशांना वितळते आणि कोरड्या घासण्याने गरम होते. स्पूलच्या (रीलवर दोरी गुंडाळली जाते त्या भागाच्या) कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडा. काठोकाठ भरलं तर फेकीत वेटोळी एकदम सुटून गुंता होतो.

आता गाठ. इथे थोडं थांबू या, कारण जितके 'तुटला' आम्ही ऐकले त्यातले बरेच या दीड इंचातले असावेत. दोरी आणि लीडर जोडायला एफजी गाठ वापरा. तिच्यात लीडरला गाठ पडतच नाही. ताणलेल्या दोरीवर लीडर आळीपाळीने वरून-खालून फिरवायचा आणि दोरीने लीडरला विळखे घालायचे. दीडशे पौंडाच्या लीडरला वीस-बावीस विळखे पुरतात. मग दोरी आणि लीडर दोन्हींवर मिळून दोन अर्ध्या गाठी मारून विळखे जागेवर धरायचे. आता खरी पायरी: घट्ट करणं. हातमोजे घालून दोरी लाकडी दांड्याला गुंडाळा, लीडर दुसऱ्या दांड्याला, गाठीला पाण्याचं बोट लावा आणि छाती-पाठीचा जोर लावून ओढा. विळखे एकमेकांना चिकटून दोरीचा रंग गडद झाला आणि ती लीडरमध्ये रुतलेली दिसली, की गाठ बसली. रंग बदलला नाही तर ती नुसती गुंडाळलेली दोरी आहे. टेबलावर ती छान दिसते, पाच किलोंना टिकते, आणि दहा किलोंना लीडरवरून मोज्यासारखी निघून येते. नंतर लीडरचं टोक कापून मुख्य दोरीवर चार-सहा अर्ध्या गाठी घाला. टोक लायटरने किंचित गोल करायचं असेल तर ज्योत दोरीपासून लांब ठेवा. लायटर विमानात नेता येत नाही, तो अंदमानातच विकत घ्या.

डोळे मिटून नव्हे, पण हलत्या जागी ही गाठ दहा मिनिटांत बांधता आली पाहिजे. सिटी बसमध्ये सराव करा, लोक बघतील, बघू द्या. वीस गाठी बांधा, वीसही ओढून पाहा, आणि ज्या सरकल्या त्या का सरकल्या ते बघा. बहुधा विळखे घालताना दोरीचा ताण मध्येच सैल पडलेला असतो.

लीडरची लांबी हा तडजोडीचा मामला आहे. लांब असेल तर खडकापासून जास्त वाचवतो, पण गाठ रॉडच्या कड्यांमधून जाते आणि फेकताना खटकते. आखूड असेल तर फेक मोकळी, पण मासा खडकाकडे वळला की दोरी लगेच उघडी पडते. नवख्याने दीड मीटरच्या आसपास ठेवावा. काही झालं तरी फेकताना गाठ स्पूलवर असता कामा नये. लीडर पॉपरला थेट बांधायचा नाही. तो घन रिंगेला किंवा स्विव्हलला (फिरत्या कडीला) बांधा, आणि तिथून दोनशे पौंडांच्या वरची जुळी रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी) पॉपरला. जुळ्या रिंगेच्या फटीत लीडर घुसला तर ती तो हळूहळू कापते, हे तुटल्यावरही लक्षात येत नाही.

हूक: पॉपरबरोबर येणारे ट्रेबल (तीन टोकांचे हूक) काढून मजबूत एकेरी हूक लावा, एक पोटाला आणि एक शेपटीला, आणि त्यांच्या टोकांमागचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट करा. 'काटा नसला तर मासा सुटेल' ही धरणावरची सवय आहे. इथे दोरी सतत ताणलेली असते, त्यामुळे सुटत नाही. आणि हूक तुमच्या तळहातात गेला तर बोटीवर कोणी डॉक्टर नसतो, हेही लक्षात घ्या. बिनकाट्याचा हूक आला तसा मागे निघतो. तरीही बोटीवर बोल्ट-कटर आहे का ते विचारा, आणि तो तुमचा हूक खरोखर कापतो का हे निघण्यापूर्वी एक जुना हूक कापून बघा.

हूक बदलले की पॉपरचा तोल बदलतो. तो शेपटी खाली, तोंड वर असा तिरका तरंगला पाहिजे. आडवा पडला तर खेचताना पाणी उडवत नुसता घसरतो, 'बुडुक' आवाज येत नाही. घरी बादलीत तपासा, पण नळाच्या पाण्यात नको. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे वीस लिटरच्या बादलीत ७०० ग्रॅम मीठ घाला. गोड्या पाण्यात जड वाटलेली स्टिकबेट (लांबट नकली मासा) खाऱ्या पाण्यात चक्क तरंगते.

तीच बादली मीठ सांडून पुढच्या कामाला घ्या. ड्रॅग अंदाजाने लावायची गोष्ट नाही. कांदे-बटाटे तोलायचा लटकता डिजिटल काटा कुठल्याही वजनकाट्याच्या दुकानात मिळतो. दोरीचं टोक काट्याला बांधा, रॉड काट्याकडे सरळ रोखा आणि एकाने चालत मागे जावं. दोरी सुटायला लागते तो आकडा वाचा. सुरुवातीला आठ किलो लावा. मग रॉड ४५ अंशांवर धरून पुन्हा मोजा. कड्यांच्या घर्षणाने आकडा वाढलेला दिसेल, आणि तोच तुमचा खरा ड्रॅग. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: दोरी जाईल तसा स्पूलचा व्यास कमी होतो आणि ड्रॅग आपोआप वाढतो. भरलेल्या स्पूलचा व्यास ७० मिमी असेल आणि मोठ्या धावेनंतर ५६ उरला, तर दहा किलोंचे साडेबारा झाले. म्हणून मासा पळत असताना घाबरून नॉब आणखी आवळणं म्हणजे दोरी तोडायला मदत करणं. जे काय लावायचं ते फेकण्यापूर्वी.

आता बादलीत आठ लिटर पाणी घ्या, म्हणजे आठ किलो. दोरी बादलीच्या कडीला, रॉडचं बूड कमरेच्या पट्ट्याच्या खोबणीत, रॉड जवळजवळ आडवा, आणि जिन्याच्या चार पायऱ्या वरून बादली वीतभर उचलून धरा. खाली कोणी उभं राहू नये. पहिल्या खेपेला बहुतेकांचे हात मिनिटभरात भरून येतात, कारण ते हाताने उचलतात. गुडघे किंचित वाकवून, वजन मागे टाकून, मांड्यांनी उचलायचं. दोन मिनिटं जमली की दहा लिटर. हे जमत नसेल तर बारा किलोंचा ड्रॅग लावून बोटीच्या टोकावर उभं राहू नका. मासा तुम्हाला पाण्यात नेईल असं म्हणणं विनोदी वाटतं, पण कठड्यावर आपटून बरगडी दुखावणं अगदी शक्य आहे. रॉड कधीही उभा करू नये. ४५ अंशांच्या वर नेला की सगळा भार वरच्या पातळ भागावर येतो आणि तो मोडतो. असा मोडलेला रॉड घेऊन दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, तो तुमच्या हातानेच मोडलेला असतो.

फेकीचा सराव हुकाशिवाय करा. हूक काढलेला, पण तेवढ्याच वजनाचा जुना पॉपर घ्या आणि मोकळ्या माळावर जा. गोल्फ क्लब मैदानावर सकाळच्या फिरणाऱ्यांच्या डोक्यावरून नको. धरणाच्या काठावर करायचा असेल तर मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे ते बघून त्याला विचारा. नांदूर मध्यमेश्वर मात्र सोडा, ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे. दोन्ही हातांनी, डोक्यावरून, घाई न करता. प्रत्येक फेकीआधी रॉडच्या टोकाकडे एक नजर टाका: दोरीने टोकाला वेढा घातला असेल तर फेक टाकताच पॉपर तुटतो किंवा टोक मोडतं. सोडणाऱ्या तर्जनीला हातमोजा किंवा टेप लावा, दोरी चामडी कापते. बेल (स्पूलवरची तारेची कमान) हाताने बंद करा, हँडल फिरवून नको. मग सैल दोरी बोटांनी ताणून घ्या, नाहीतर पहिले वेढे सैल बसतात आणि पुढच्या फेकीला गुंता ठरलेला. चाळीस-पन्नास मीटर सरळ जाणारी फेक सत्तर मीटर वाकड्या फेकीपेक्षा बरी. एका फेकीला खेचण्यासकट अडीच मिनिटं धरली तर सहा तासांत दीडशेच्या आसपास फेकी होतात. तिसऱ्या दिवशीही हात चालला पाहिजे, या हिशेबाने महिनाभर आधी सुरुवात करा.

पॉपर खेचण्याची पद्धत सोपी आहे, पण आपली मंडळी तिथे अधीर होतात. रॉड खाली, पाण्याकडे ठेवून साठ-सत्तर सेंमी जोरदार ओढ द्या, मग एक-दोन सेकंद थांबा आणि त्यात सैल दोरी गुंडाळा. फटका बहुतेकदा थांब्यात किंवा पुढची ओढ सुरू होताना बसतो. फटका चुकला तर थांबून बघत बसू नका, चालू ठेवा, तो परत येतो. पाणी खवळलेलं असेल तर पॉपर, शांत आणि नितळ असेल तर स्टिकबेट. मासा लागला की हिसके देत राहू नका. रॉड माशाच्या विरुद्ध घट्ट धरा, दोन-तीन दमदार ओढी द्या, आणि बोटवाल्याला बोट खडकापासून दूर काढू द्या. हे त्याच्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. त्या घाईत हिंदी-बंगाली-तमिळची खिचडी कोणाला समजत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो तो दुसरा भाग. जीटी सोडायचा असतो. हा मासा साधारण तीन-चार वर्षांचा, ६० सेंमीच्या आसपास झाला की प्रजोत्पादनाला येतो आणि तुम्ही धरता ते मोठे मासे त्या प्रवाळाची वर्षानुवर्षांची कमाई असतात. खायचं म्हणाल तर मोठ्या शिकारी प्रवाळमाशांत सिग्वाटेराचं विष साठू शकतं. ते सूक्ष्म शैवालासारख्या जिवांकडून लहान माशांत आणि त्यांच्याकडून मोठ्यांत चढत जातं, शिजवून किंवा तळून जात नाही, आणि चवीला-वासाला कळतही नाही. रस्सा करायचाच असेल तर बाजारातून हलवा आणा, कुळ एकच.

सोडणं म्हणजे पाण्यात टाकणं नव्हे. मासा बाजूला आला की शेपटीचं मूळ हातमोजा घालून धरा, उघड्या हाताने धरलं तर ती करवत तळहात फाडेल. हूक शक्यतो पाण्यातच काढा. फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा, एक हात शेपटीच्या मुळाशी आणि दुसरा छातीच्या परांखाली, मासा आडवा. कल्ल्यात बोटं घालू नका. जबड्याला पकड लावून उभा लटकवू नका, वीस किलोंचं वजन पाण्यात पेलायला बनलेला कणा हवेत ताणला जातो. त्याला तापलेल्या फळीवर ठेवू नका. फोटो काढेपर्यंत तुम्हीही श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की माशाची वेळ संपली. मग त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरा, शेपूट जोरात हलली की सोडा. आसपास शार्क दिसत असतील तर तो खडक सोडून पुढे जा, थकलेला मासा सोडून शार्कला जेवू घालण्यात काही अर्थ नाही.

वजनासाठी काट्याला लटकवण्याचीही गरज नाही. मऊ फीत घ्या. तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी, आणि छातीच्या परामागे सर्वांत जाड जागी घेर, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले २८,९०० म्हणजे साधारण वजन किलोत. लांबी १०० आणि घेर ७८ आला तर २१ किलो. टपरीवर सांगताना तिथे पाच किलो मिळवले जातात, ते आम्ही सोडून देतो.

कायद्याचं थोडक्यात. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि राणी झांशी सागरी राष्ट्रीय उद्यान इथे गळ टाकायचा नाही, बोटवाला 'चालतं' म्हणाला तरी. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आठवण म्हणून तुकडासुद्धा पिशवीत नको. राक्षसी हेकरू, ज्याला बोटवाले जायंट ग्रुपर म्हणतात, त्यालाही याच कायद्याचं संरक्षण आहे. चुकून लागला तर बोटीवर न घेता हूक काढून सोडा.

प्रवासाचं सांगायचं तर रॉडची नळी विकत घ्यायची गरज नाही. शेतीच्या पाइपच्या दुकानात ११० मिमीचा पीव्हीसी पाइप मिळतो. रॉडच्या सर्वांत लांब तुकड्यापेक्षा दहा सेंमी जास्त कापा, दोन्ही टोकांना झाकणं, आत फोम. पाइप कापण्यापूर्वी विमान कंपनीची लांबीची मर्यादा विचारून घ्या, नंतर नको. हूक आणि पक्कड चेक-इन बॅगेतच, हातातल्या बॅगेत सापडले तर तिथेच राहतील. उलटीची गोळी बोटीवर चढताना नव्हे, आदल्या रात्री आणि निघण्याआधी तासभर. धरणाच्या पाण्यावर ज्यांना कधी काही झालं नाही, तेच पहिल्या लाटेला आडवे होतात.

आणि संध्याकाळी परतल्यावर रील धुताना ड्रॅग आधी पूर्ण आवळा, मग मंद धारेने गोडं पाणी सोडा. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकललं जातं. पुसून झालं की ड्रॅग सैल करून सावलीत ठेवा. पुढच्या सकाळी ड्रॅग पुन्हा काट्यावर मोजायला विसरू नका, सैल केलेला असतो.

आपले,
नाशिकमधलेच काही गळवाले